एका पायासाठी कायदा

५ जानेवारी १९५९, सोमवार
पौडला जाऊन आले. वकीलसाहेबांनी तोंड पाडून सांगितलं, दावा फेटाळला. रस्ता सरकारचा, सुरुंग सरकारचा, दगडसुद्धा सरकारचा. पाय तेवढा माझा. सरकारवर असा दावा लागत नाही म्हणे. मग म्हणाले, "एक वाट आहे. आमदारांनी तुमच्या एकटीसाठी विधेयक मांडायचं. सभागृहानं मंजूर केलं तर भरपाई मिळेल."
मला हसूच आलं. माझ्या एका पायासाठी अख्खा कायदा! एस.टी.त चढताना कुबडी अडकली, कंडक्टर खेकसला. हसू तिथंच संपलं.

९ जानेवारी
स्कूल बोर्डाचं पत्र. जूनमध्ये शाळेत उभं राहून शिकवता येत असेल तर जागा माझी, नाहीतर दुसरी बाई नेमणार. उभं राहून! पुण्याचे डॉक्टर म्हणतात, नकली पाय बसवला की चालाल. तो पाय भरपाई मिळाल्याशिवाय येत नाही. म्हणजे सगळं त्या विधेयकावर आलं. आईला पत्र वाचून दाखवलं नाही. तिनं माझं तोंड बघून ओळखलंच.

१४ जाने., संक्रांत
आमदारसाहेब तिळगूळ घ्यायला म्हणून घरी! मोटार बघायला सगळी पोरं गोळा. विधेयक मांडतो म्हणाले. फेब्रुवारी-मार्चचं अधिवेशन, शुक्रवारी आमदारांना आपापली विधेयकं मांडता येतात. "फक्त बाई, चूक कुणाची ते स्पष्ट पाहिजे. सरकारी माणसाची चूक. तुमचा जबाब लिहून द्या."
कुणाची चूक? वर्षभर मी तेच तर...

१५ जाने.
झोप नाही. पुन्हा सगळं आठवलं. घाटाकडच्या रस्त्याचं काम चालू होतं. सुरुंग उडवण्याआधी किसननं हलगी वाजवायची, ती ऐकून गावानं घरात जायचं, असा रिवाज मुकादमानं घालून दिला होता. गावकीची हलगी किसनकडेच, म्हणून रस्त्याच्या कामावर रोजंदारीही त्यालाच. त्या दिवशी पाटलांच्या लेकीचं लग्न. पाटलांनी माणूस धाडून किसनला कामावरून बोलावलं. खाली वरात निघाली, हलगी वाजली. वर मुकादमाला वाटलं किसन इशारा देतोय, त्यानं बत्ती दिली. आणि मला वाटलं नवरदेव आला! मुलींना वर्गात बसवून मी एकटीच बघायला शाळेच्या ओट्यावर आले आणि वरून उडालेला दगड थेट पायावर. मेली हौस!

२० जाने.
आमदारसाहेबांचा कारकून मसुदा घेऊन आला. 'किसन हा रोजंदारी नोकर परवानगीवाचून कामावर गैरहजर होता, त्यामुळे इशारा मिळाला नाही.' बस्स. पाटलांचं नाव नाही, लग्न नाही, मुकादमही नाही. सही करा म्हणाला.
"किसनचं काय होईल?"
"खात्यातून काढतील. चौकशी होईल. पोलीसही... ते तुम्ही कशाला बघता?"
विचार करते म्हणून परत पाठवला. आमदारसाहेब आणि पाटील साडू, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

२६ जाने.
शाळेत झेंडावंदन. घरातून ऐकलं. बदलीची बाई मुलींना बेसूर गाववत होती. चीड आली, मग रडू आलं, मग रडू आल्याची चीड आली.

१ फेब्रु., रविवार
किसनला बोलावून घेतलं. ओट्याच्या खालीच उभा. वर ये म्हटलं तरी येईना. मसुदा वाचून दाखवला.
"लागू द्या माझं नाव, बाई. तुमाला पाय मिळंल."
"आणि तुला?"
"आमचं काय. कुटं बी जाऊ."
मी संतापले. म्हटलं, त्या दिवशी पाटलांना नाही म्हणायला काय झालं होतं?
"कसं म्हणू? तुमी म्हणाला असता व्हय?"
शाळेची खोली पाटलांची, मी राहते ते घरही त्यांचंच.

६ फेब्रु.
पाटील स्वतः आले. गड्याच्या डोक्यावर आंबेमोहराचं पोतं. "बाई, तुमचं लई वाईट झालं. पण आमच्या पोरीच्या लग्नाचं नाव मुंबईत कशाला? सासरची मानसं काय म्हणतील? दिलेल्या मसुद्यावर सही करा, सगळं नीट व्हतंय."
तांदूळ परत पाठवला. जेवताना आई म्हणाली, "तांदळाचा काय दोष होता गं?"

८ फेब्रु.
सही करू? न करू? बदलीची बाई रंगीत खडू कुठं ठेवलेत ते विचारायला आली होती. चांगली आहे बिचारी. मला तिचं तोंड बघवेना. मला माझी शाळा पाहिजे. मला पाय पाहिजे, देवा! असं मोठ्यांदा म्हणाले, आई आत दळत होती, जातं थांबलं.

१२ फेब्रु.
कारकून आला. मसुदा बाजूला सारून माझा जबाब माझ्या हातानं लिहिला. पाटलांनी किसनला कामावरून बोलावलं. हलगी लग्नाची होती. मुकादमानं ती इशाऱ्याची समजून, खात्री न करता बत्ती दिली. मुकादम सरकारचाच माणूस, चूक त्याची. खाली सही.
कारकुनाचा चेहरा उतरला. "बाई, हे साहेब मांडणार नाहीत."
"मग तसं त्यांनी येऊन सांगावं."
गेला. आईनं चहा केला, गूळ जास्त घातला.

६ मार्च, शुक्रवार
आज विधेयकांचा दिवस. आमदारसाहेबांकडून हो नाही, ना नाही. मांडलं का फाडलं, उद्याच्या एस.टी.नं वर्तमानपत्र येईल तेव्हाच कळणार. एका जागी बसवत नाही आणि चालताही येत नाही.
दुपारी किसन आला. आज आपणहून ओट्यावर येऊन बसला.
"पाटलांनी बोलावणं धाडलं व्हतं. पुतन्याची वरात. न्हाई म्हनलो."
"अरे, मग?"
"मग काय. हितं आलो."
माझ्या जबाबाचं काय झालं ते अजून माहीत नाही आणि हा नाही म्हणून मोकळा! म्हटलं, घरी जा, बायकोपोरांजवळ थांब. तो म्हणाला, "तुमी दोघीच हायसा म्हणून आलो."
आई आतून चहाचे दोन कप घेऊन आली, एक किसनपुढं ठेवला. खालच्या आळीतून पाटलांचे गडी आमच्या घराकडं येताना दिसतायत, किसनला न्यायला नाहीतर आम्हाला घराबाहेर काढायला.