अक्कांनी ओळख करून दिली

बंगळूर, ९ जुलै १९५७

ति. ताईस,
प्रभूठायी सलाम, वि. वि.

तुझं पत्र आणि शेवयांचं पुडकं पोचलं. देवाच्या गुणधर्मांवरच्या पेपरात तुझा धाकटा भाऊ सगळ्या धर्मविद्यालयात पहिला आला! डिसेंबरात दीक्षा झाली की पाळक म्हणून नगरच मागून घेईन म्हणतो.

दर शनिवारी आम्हांला शिवाजीनगरजवळच्या मिशन दवाखान्यात पाठवतात. तिथल्या धोबीखान्यात कृष्णवेणीअक्का नावाच्या मराठी ख्रिस्ती विधवा बाई चादरी उकळतात. चार पिढ्या इथल्या, मराठी निम्मी कानडी, अक्षरओळख नाही. देव सर्वज्ञ आणि सर्वव्यापी कसा, हे मी त्यांना तासभर समजावलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, सरी, म्हणजे बरं, अण्णा, पण तुमचं त्याच्याशी बोलणं होतं का? मला हसूच आलं.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा सुधींद्र

अहमदनगर, १८ जुलै १९५७

चि. सुधींद्र यास अ. उ. आ.

तू पहिला आल्याचं शाळेत इतक्यांना सांगितलं की मुख्याध्यापिका आता मला पाहून वाट बदलतात. पण अक्कांना उत्तर काय दिलंस ते पत्रात सापडेना. पानं दोनदा उलटली.

आपल्या आप्पांचं बघ. त्यांची प्रवचनं साऱ्या जिल्ह्याला ठाऊक, लोक वाक्यंच्या वाक्यं म्हणून दाखवत. पण भाजी अळणी झाली तरी पाहुण्यांसमोर ते मुकाट जेवत आणि मागाहून आईला हळूच चिडवत, हे घरातल्यांनाच माहीत. देवाच्या बाबतीत तू कुठला रे, जिल्ह्यातला की घरातला? राग मानू नकोस. आई गेल्यापासून तीन वर्षं तू पुस्तकातलीच प्रार्थना वाचतोस. मी पाहत होते, बोलले नव्हते.

तब्येतीला जप, लिहायला विसरू नकोस.
कौशल्याताई

बंगळूर, ३ सप्टेंबर १९५७

ति. ताईस सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावलो होतो. आता नाही.

गेल्या महिन्यात धोबीखान्यातला उकळता हंडा कलंडला आणि अक्कांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. प्रार्थनेला मला बोलावलं. हे अनादि, अनंत, सर्वसमर्थ, अशी मी सुरुवात केली. त्या कण्हत होत्या आणि माझे शब्दच संपले. तेव्हा अक्कांनी स्वतः डोळे मिटले. काल तू गप्प होतास, मला राग आला, असं त्या प्रभूला सरळ म्हणाल्या. हात फार जळतात, स्वल्प इथंच बस. मग त्यालाच म्हणाल्या, हे आमचे सुधींद्रअण्णा. तुझ्याविषयी यांना पुष्कळ माहिती आहे. आज भेटायला आणलंय.

ताई, अशी माझी ओळख कुणी करून दिली नव्हती. मी खाटेशीच रडलो. आईसाठी एवढा विनवत होतो तेव्हा कुठे होतास, हे तीन वर्षं गिळलेलं मोठ्यानं विचारलं. उत्तर आलं नाही. पण पहिल्यांदाच वाटलं की कुणीतरी ऐकतंय, आणि मी बोलायचा थांबलो तरी उठून जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना म्हटलं, मी दीक्षेला लायक नाही, वर्षभर लांबवा. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले की हे सांगायला त्यांच्याकडे फार थोडे विद्यार्थी येतात, आणि अशांची दीक्षा ते लांबवत नाहीत. तेव्हा डिसेंबर कायम.

अक्कांची बोटं अजून पुरती वळत नाहीत. शनिवारी मी त्यांना भात भरवतो. घास मोठा झाला की कानडीत रागावतात. या बाईंपुढे मी बिगरीतला, ताई, आणि त्याचं मला सुख वाटतं.

तुझी खरं बोलण्याची सवय मोडू देऊ नकोस.
तुझा सुधींद्र

अहमदनगर, १४ सप्टेंबर १९५७

चि. सुधींद्र यास अ. उ. आ.

पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. पुढच्या तासाला मुलींना नकाशे काढायला लावले, शिकवणं जमलं नसतं.

तुला विचारलं ते मी मलाच विचारत होते. मीही पुस्तकच वाचते आहे. काल शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसले आणि दोनच वाक्यं बोलले, तीही भांडणाची. पण माझी होती.

दीक्षेला येते. स्टेशनवरून आधी दवाखान्यात ने, चर्चमध्ये मागाहून जाऊ.

तुझीच,
ताई