परतीच्या विमानात न बसलेल्या घोंगडीबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी तथा दौराप्रमुख,
मेंढीपालन विदेश अभ्यास दौरा कक्ष,
परभणी.

अर्जदार : दत्तराव बिरदेव गडदे, वय ५८, धंदा मेंढरे राखणे, रा. पेडगाव, ता. जि. परभणी.
(अर्जदाराच्या सांगण्यावरून हा अर्ज त्यांची मुलगी दैवशाला हिने लिहिला आहे.)

विषय : न्यूझीलंड दौऱ्याच्या पुस्तिकेतील पान १४ वरचे, अर्जदाराने घोंगडीचा स्वेच्छेने त्याग केला असे सांगणारे वाक्य वगळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची सचित्र पुस्तिका 'मेंढी : क्षितिजापलीकडे'
२) आपले पत्र दि. १५ सप्टेंबर २०२५
३) अर्जदाराने दोनदा समक्ष येऊन केलेली तोंडी विनंती, जिची आवक नोंदवहीत नोंद नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, सदर तक्रार आपल्याविरुद्ध असून ती आपल्याकडेच सादर होत आहे, याची अर्जदारास जाणीव आहे. दुसऱ्या कोणाकडे देता येईल काय, असे आपल्या कक्षातील लिपिक माधवी मॅडम यांना विचारले होते. "साहेबांच्या विरोधातले अर्जसुद्धा साहेबांच्याच टेबलावर जातात. इथं टेबल एकच आहे," असा त्यांनी खुलासा केला. सबब हा अर्ज.

१. अर्जदार गेली चाळीस वर्षे मेंढरे राखत आहेत. उन्हाळ्यात गंगाखेडच्या बाजूला गोदाकाठाने आणि पावसाळ्यात पेडगावच्या शिवारात, एवढाच त्यांचा आजवरचा प्रवास. यंदाच्या ऑगस्टमध्ये आपण त्यांना न्यूझीलंडच्या दौऱ्यासाठी निवडले, याबद्दल ते आपले आभारी आहेत. अकरा जणांच्या शिष्टमंडळात मेंढरे पाळणारे तिघे होते. उर्वरित आठ जण मेंढरांची कागदपत्रे पाळतात. जाताना अर्जदाराच्या बॅगेत कपड्यांचे तीन जोड आणि एक काळी घोंगडी होती. घोंगडीची लोकर घरच्या मेंढरांची, सूत अर्जदाराची पत्नी म्हाळसाबाई यांनी दोन हिवाळे चातीवर कातलेले आणि विणकाम गंगाखेडच्या एका म्हाताऱ्या विणकराचे. त्या विणकराचे हात आता चालत नाहीत. तेव्हा तशी दुसरी होणे नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

२. तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर सरकारी माणसाने अर्जदाराच्या वहाणा काढून घेतल्या. अर्जदारास वाटले, गेल्या वहाणा. थोड्या वेळाने तोच माणूस त्या स्वच्छ धुऊन, पुसून, दोन्ही हातांनी परत घेऊन आला. बाहेरच्या मातीतून जनावरांचा रोग येऊ नये म्हणून ते असे करतात, हे नंतर समजले. त्याने घोंगडी उलगडून पाहिली, झटकली, वास घेतला आणि नीट घडी घालून दिली. दौऱ्याच्या अभिप्राय नमुन्यात 'आपण काय शिकलात' या रकान्यात अर्जदाराने हीच हकीकत सांगितली होती. ती विषयाला धरून नसल्याचे सांगून आपण रकाना स्वतः भरला. त्यात 'तंत्रज्ञान' हा शब्द चार वेळा आलेला आहे. अर्जदाराने तो एकदाही उच्चारलेला नाही.

३. पहिले तीन दिवस अर्जदारास घरी पळून यावेसे वाटत होते. जेवणात तिखट नाही, बोलायला माणूस नाही, आणि मेंढरे एवढी पांढरी की डोळे दुखतात. चौथ्या दिवशी सर्वांना हेलन नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या मळ्यावर मुक्कामास नेण्यात आले. शिष्टमंडळ आत हिटरजवळ बसून पडद्यावरची मेंढरे पाहत असताना अर्जदार बाहेर खरी मेंढरे पाहत होते. गोठ्यात एक मेंढी अडली होती. कोकराचा पाय मागे मुडपलेला. हेलनबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना खाली बसता येईना. अर्जदाराने बाह्या सारल्या, कोकरू आत ढकलून पाय सरळ केला आणि पाच-सहा मिनिटांत बाहेर काढले. भाषेची गरज दोघांनाही पडली नाही. त्यानंतर अर्जदार मुक्काम संपेपर्यंत रोज पहाटे घोंगडी पांघरून त्या गोठ्यात होते. आपल्या पुस्तिकेत या काळात ते 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे सत्रांना अनुपस्थित' असल्याचे नमूद आहे.

निघायच्या दिवशी हेलनबाईंनी गाडीच्या ड्रायव्हरकरवी विचारले, पुन्हा कधी येणार? हा ड्रायव्हर मूळचा फिजी बेटावरचा असून त्याला मोडकी हिंदी येते. अर्जदार म्हणाले, "येतो की, दिवाळी झाली की येतो." पेडगावहून परभणीला जावे तसे ते बोलून गेले. मग गाडीत बसल्यावर त्यांचे त्यांनाच कसेतरी झाले. घरची ओढ तर होतीच, पण तिथल्या अकरा मेंढ्या त्या आठवड्यात व्यायच्या होत्या आणि त्यांचे काय झाले हे आता कधीच कळणार नव्हते. दोन्हीकडून ओढ लागणे ही गोष्ट त्यांना नवी होती. गाडीत बाकीचे सर्वजण कोणाच्या बॅगेचे वजन किती भरेल याची चर्चा करत होते.

४. आता मुख्य घटना. विमानतळावर महोदयांच्या दोन्ही बॅगा काट्यावर जास्त भरल्या. महोदय अर्जदारास म्हणाले, "दत्तराव, तुमची बॅग हलकी आहे, जरा ॲडजस्ट करू." अर्जदाराने होकार दिला, हे मान्य आहे. त्यांना वाटले, एखादी पिशवी असेल. महोदयांनी बॅग उघडून तीत तोंडाला लावायच्या क्रीमच्या बारा डब्या, चॉकलेटचे सहा मोठे पुडे, एक मिक्सर आणि मेंढीचे एक कमावलेले कातडे भरले. बॅग लागेना. तेव्हा घोंगडी बाहेर काढण्यात आली. अर्जदार म्हणाले, "सायब, मी खांद्यावर घेतो की." त्यावर महोदय म्हणाले, "शिष्टमंडळ आहे आपलं, बरं दिसत नाही. तुम्ही तपासणीच्या रांगेत लागा, मी ठेवतो नीट."

सदर क्रीम मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून करतात, असे डबीवर लिहिले आहे. म्हणजे मेंढीच्या लोकरीचे तेल बॅगेत मावावे म्हणून मेंढीची लोकर बॅगेबाहेर काढण्यात आली. यावर अर्जदारास काही म्हणावयाचे नाही.

विमान वर गेल्यावर अर्जदाराने विचारले, "सायब, घोंगडी?" महोदयांनी डोळ्यांवर काळी पट्टी ओढत उत्तर दिले, "येईल मागून." मागून दुसरे विमान येते का, हे अर्जदारास माहीत नव्हते. त्यांनी विश्वास ठेवला.

५. मुंबईत सर्वांच्या बॅगा आल्या, अर्जदाराची आली नाही. ती वाटेत दुसऱ्याच देशात उतरली होती. त्या वेळी महोदयांचा चेहरा अर्जदाराच्या चेहऱ्यापेक्षा जास्त उतरला. अर्जदारास गहिवरून आले की, गरिबाच्या तीन जोड कपड्यांसाठी साहेबांचा जीव किती तुटतो आहे. अर्जदार पोळ्याच्या दिवशी रिकाम्या हातांनी गावात पोचले. जो तो बैल सजवण्यात गुंतलेला. ज्यांना वेळ होता त्यांनी "काय आणलं?" एवढेच विचारले.

पुढचे आठ दिवस त्यांना भरदुपारी झोप येई आणि रात्री टक्क जाग. त्या झोपेत मेंढरे शेजारच्या दिनकररावांच्या सोयाबीनमध्ये शिरली. दिनकररावांनी "इंग्लंडला जाऊन हेच शिकून आलास का?" असे सुनावले. न्यूझीलंड म्हणून दुरुस्ती केल्यावर ते जास्तच चिडले. तिकडे मेंढरे रस्ता ओलांडत असली की मोटारी शेवटचे कोकरू जाईपर्यंत थांबतात, हे अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले होते. त्या भरात त्यांनी परभणीच्या रस्त्यावर हात वर करून एक ट्रक थांबवून पाहिला. ट्रकवाला जे बोलला ते अर्जात लिहिण्याजोगे नाही. म्हाळसाबाई म्हणाल्या, "ह्यांचं अंग आलंय परत. माणूस यायचाय अजून."

६. दि. २ सप्टेंबर रोजी आपल्या कक्षात सत्कार झाला. अर्जदारास गुळगुळीत गुलाबी शाल पांघरण्यात आली. तीत लोकरीचा एक धागा नाही, हे अर्जदार बोटांनी सांगू शकतात. तेथेच पुस्तिका वाटण्यात आली. दैवशालाने घरी ती मोठ्याने वाचली. पान १४ वर शिष्टमंडळाच्या निळ्या जाकिटातील अर्जदाराचा फोटो असून खाली छापले आहे : 'दौऱ्याने प्रभावित होऊन लाभार्थी श्री. दत्तराव यांनी पारंपरिक घोंगडीचा परदेशातच स्वेच्छेने त्याग केला व आधुनिक विचारांची कास धरली.'

हे ऐकताना म्हाळसाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि विचारले, "तुमी टाकली?" अर्जदार म्हणाले, "न्हाई गं." त्यांनी पुस्तिकेकडे बोट दाखवले आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली. महोदय, छापलेले खोटे असू शकते हे म्हाळसाबाईंना ठाऊक नव्हते. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून अक्षराबद्दल फार आदर आहे.

यानंतर घोंगडी परत मागण्यास अर्जदार दोनदा कक्षात आले. आपण संदर्भ क्र. २ च्या पत्राने कळविले की, घोंगडी ही वस्तू दौऱ्याच्या सामान यादीत नव्हती, ती अस्तित्वात असल्याचा पुरावा जोडावा, आणि अर्जदाराने अभिप्राय नमुन्यावर सात दिवसांत सही न केल्यास त्यांचा यापुढे कोणत्याही दौऱ्यासाठी विचार होणार नाही. जी वस्तू अस्तित्वातच नव्हती तिचा स्वेच्छेने त्याग कसा होतो, हे दैवशालाला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात असूनही उलगडलेले नाही.

७. या काळात आपण 'मेंढ्यांची पाहणी' करण्यासाठी दोनदा पेडगावला आलात, याबद्दल गाव आपले ऋणी आहे. दोन्ही वेळा मेंढरे रानात होती. आपण "बॅगेचं काही कळलं का?" असे विचारून परत गेलात. दि. १९ सप्टेंबर रोजी बॅग घरपोच आली आणि आपल्या काळजीचे कारण घरातील सर्वांस समजले. दि. २१ रोजी, रविवार असूनही, आपण तिसऱ्यांदा पाहणीस आलात. सोबत गाडीत वहिनीसाहेब होत्या.

अर्जदारास परक्या वस्तूचा मोह नाही. डब्या, पुडे, मिक्सर, कातडे सर्व जसेच्या तसे बाजेवर मांडून ठेवले होते. फक्त दैवशालाने एक यादी केली होती, आणि यादीच्या खाली एक ओळ होती : 'वरील वस्तू दत्तराव यांच्या बॅगेत ठेवताना त्यांची घोंगडी मी बाहेर काढली.' त्याखाली सहीची जागा. आपण ती ओळ दोनदा वाचली. चहा घेतला. पुन्हा वाचली. "एवढी ओळ वगळा ना," असे म्हणालात. त्यावर म्हाळसाबाई म्हणाल्या, "आधी तुमची वगळा की."

मग आपण शासकीय शिस्त, कारवाई, गैरसमज इत्यादी विषयांवर सुमारे दहा मिनिटे बोललात. अर्जदार घाबरले होते, हे लपविण्यात अर्थ नाही. ते सामान तसेच देऊन टाकणार होते. एवढ्यात गाडीची काच खाली झाली आणि वहिनीसाहेब म्हणाल्या, "काढली होती ना तुम्हीच? मग करा सही. ऊन लागतंय मला." आपण सही केलीत. दिनकरराव सोयाबीनच्या नुकसानीचे बोलायला आले होते, त्यांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली आणि नुकसानीचे बोलणे विसरून गेले.

८. दि. २८ सप्टेंबर रोजी त्या ड्रायव्हरचा दैवशालाच्या मोबाईलवर फोन आला. तिचा नंबर अर्जदाराने त्यास कागदावर लिहून दिला होता. विमानतळाबाहेर कचऱ्याच्या डब्याच्या कडेला घोंगडी दिसली, ती ओळखून त्याने हेलनबाईंकडे नेऊन दिली, असे त्याने सांगितले. बाईंनी फोटो पाठवला असून, टपालाने परत पाठवू का, असे विचारले आहे. अर्जदाराने फोटो पाहिला. मग मोबाईल म्हाळसाबाईंकडे दिला. त्यांनी तो जवळ धरून, लांब धरून पाहिला. म्हणाल्या, "राहू द्या तिथंच. कामाला यायली."

तरी घोंगडी परत मिळणेबाबतची अर्जदाराची तोंडी विनंती ते याद्वारे मागे घेत आहेत. पुरावा मागितला होता तो सोबत जोडला आहे. विनंती आता एकच. पान १४ वरील वाक्य वगळून तेथे पुढील मजकूर छापावा : 'दत्तराव गडदे यांनी घोंगडी टाकली नाही. ती काढून घेण्यात आली. नंतर त्यांनी ती दिली.' टाकणे आणि देणे यांतील फरक छापील हवा, असा म्हाळसाबाईंचा आग्रह आहे. छापून आल्यावर दैवशालाने तो त्यांना वाचून दाखवायचा आहे.

अभिप्राय नमुन्यावर अर्जदार त्यानंतर लगेच सही करतील. यापुढील दौऱ्यासाठी त्यांचा विचार न झाल्यास हरकत नाही. म्हाळसाबाईंचा मात्र व्हावा. त्यांच्याकडे निळे जाकीट नाही, आणि त्या स्वतःचे गाठोडे दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

आपल्या एकमेव टेबलाकडून न्यायाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही) दत्तराव बिरदेव गडदे
पेडगाव, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१) सामानाची यादी, महोदयांच्या सहीसह (सत्यप्रत, मूळ प्रत घरी आहे).
२) पुस्तिकेचे पान १४.
३) गुलाबी शाल, वापर न केलेली, परत.
४) हेलनबाईंच्या गोठ्यातील घोंगडीचा रंगीत फोटो. फोटोत कोकरू दिसत नाही, कारण ते घोंगडीखाली झोपलेले आहे.