चार नंबरच्या घरातल्या तंगड्या

मंगळवार, ४

दादाचा फोन आला. सहा वर्षांनी.

मी फर्निचरच्या दुकानात कामावर एका बाईंना गादी दाबून दाखवत होते, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बघते तर पडद्यावर ‘दादा’. मी तशीच गादीवर बसले. तो म्हणाला, “बारके, सणाचं जेवण रविवारी तुझ्याकडेच असतं ना अजून?” जसा काही मागच्याच आठवड्यात जेवून गेला होता. मी म्हटलं, असतं. “मग येतो.” आणि फोन ठेवून दिला. मी कितीतरी वेळ त्या गादीवरून उठलेच नाही. बाईंना वाटलं, एवढी आरामशीर आहे. त्यांनी घेतली.

सहा वर्षांपूर्वीच्या सणाला अख्खी टर्की भाजली होती मी. दिवसभर राबून. दादाने छातीच्या मांसाचा एक घास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, कापूस भाजलायस का? सगळे हसले. मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं, सिंकमध्ये पालथं केलं आणि त्याला हॉटेलात जायला सांगितलं. तो उठला, बूट घातले, गेला. वहिनी तोंडातला घास न गिळताच त्याच्यामागे. मग त्याने माझ्या फोनची वाट बघितली आणि मी त्याच्या. एका पक्ष्याच्या छातीपायी सहा वर्षं!

नवऱ्याला सांगितलं. तो दातांच्या कवळ्या बनवतो, त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टी त्याच्याकडे चावण्यापाशी येऊन थांबतात. म्हणाला, छाती नकोच. तंगड्या कर, स्लो कुकरमध्ये. दात नसलेल्या माणसालाही खाता आल्या पाहिजेत.

बुधवार, ५

खाटकाकडून सहा तंगड्या आणल्या. एवढाल्या! चार लावल्या तर त्यांवर टीपॉय उभा राहील.

खाटीक म्हणाला, आदल्या दिवशी मीठ, मिरी, लसूण चोळून ठेवा, खाली कांद्याचा थर द्या आणि मंदावर आठ तास विसरून जा. झाकण मात्र उघडायचं नाही. “उघडलंत की अर्धा तास वाढला समजा.” मी कोर्टात उभी असल्यासारखी मान हलवली.

विजेवर चालणारा तो स्लो कुकर माळ्यावर होता. दुकानात दहा वर्षं झाली म्हणून मिळालेला, अजून खोक्यातच. तंगड्या ठेवून पाहिल्या. तीनच मावतात, आणि त्यांचीही हाडं झाकण वर उचलून धरतात. नवऱ्याने कामावरची बारीक करवत आणली आणि चष्मा लावून टोकं कापली. एरवी स्वयंपाकघरात बोलावलं तर त्याची पाठ दुखते. आज शिट्टी वाजवत होता.

म्हणजे दोन खेपा. शुक्रवारी तीन, शनिवारी तीन. रविवारी नुसत्या गरम करायच्या.

गुरुवार, ६

स्वयंपाकघराचं छत पडलं.

शुक्रवार, ७

काल पुढे लिहवलं नाही. वहीवरसुद्धा चुन्याची धूळ होती.

वरच्यांच्या न्हाणीघरातून महिनोन्‌महिने पाणी झिरपत होतं म्हणे. खाली कुणी नव्हतं हे नशीब. सगळा गिलावा शेगडीवर येऊन बसलाय. वायरमनने स्वयंपाकघराची वीज तोडली आणि गॅसवाल्याने गॅस. दोघंही पुढचा आठवडा धरा म्हणाले. खालच्यांकडेही पाणी उतरलंय. समोरचे गावाला गेलेत.

नवरा म्हणाला, दादाला पुढच्या महिन्यात बोलावू. नाही! सहा वर्षांनी एकदा फोन आलाय. त्याला पुढे ढकललं तर त्याला वाटेल मी टाळते. हॉटेलचं तर नावच काढायचं नाही, हॉटेलात जा म्हणणारी मीच. नवऱ्याने दोन्ही हात वर केले.

सकाळी तंगड्या आणि स्लो कुकर पिशव्यांत घालून बसने दुकानात नेले. तीन तंगड्या कँटीनच्या फ्रिजात ठेवल्या. तिथे शिजवता येत नाही, चहाचं यंत्र सोडून दुसरं काही लावलं की फ्यूज उडतो. पण चार नंबरचं घर माझ्या ताब्यात आहे.

हे चार नंबरचं घर म्हणजे आमच्या मजल्यावरचं सजवलेलं घर. बसायची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर. गिऱ्हाइकांनी फिरून पाहावं म्हणून. टीव्ही पुठ्ठ्याचा. पुस्तकांना नुसत्या पाठी. खिडकीत डोंगराचा फोटो आणि त्याच्यामागे दिवा. नळाला पाणी नाही, फ्रिजात प्लॅस्टिकची द्राक्षं. मात्र दिव्यांसाठी फ्रिजच्या मागे एक सॉकेट आहे आणि ते खरं आहे. कांदे, तंगड्या, लसूण, दोन गाजरं, झाकण. पुढे फुलदाणी ठेवली आणि निर्विकार चेहऱ्याने उभी राहिले.

दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. मग वास सुटला.

आधी एक आजोबा-आजी आले आणि टेबलाशी बसले. काही विचारलं नाही, नुसते बसले. मग एक बाई लहान मुलीला घेऊन. मग दोन तरुण, कपाट बघायला आलेले, ते सोफ्यावर. कुणी उठेना. आजींनी मला हळूच विचारलं, अजून किती वेळ लागेल? माझ्या तोंडून निघून गेलं, चार तास. आजी म्हणाल्या, थांबतो आम्ही.

दारावरचे वॉचमन काका चक्कर मारायला आले आणि त्यांनी झाकण उघडलं. अर्धा तास वाढला. मग पुन्हा आले. आणखी अर्धा.

चार वाजता टकटक साहेब आले. आमचे मॅनेजर. दिसेल त्या लाकडावर बोटाच्या पेराने टकटक केल्याशिवाय पुढे जात नाहीत, म्हणून हे नाव. ते टेबलापाशी आले, टेबल वाजवलं, कपाट वाजवलं आणि मग स्लो कुकर वाजवला. मला वाटलं, संपलं. उद्यापासून घरी, आणि घरात छत नाही.

त्यांनी विचारलं, काय आहे? टर्कीच्या तंगड्या, साहेब. ते बराच वेळ वास घेत राहिले. मग अगदी दबक्या आवाजात म्हणाले की वर्षभर न हललेली दोन टेबलं आज गेली, आणि गिऱ्हाइकं विचारतायत, हे घर कुणाचं आहे.

“उद्या पण लावा.”

शनिवार, ८

दुसरी खेप लावली. आज फुलदाणी मागे, कुकर पुढे. साहेबांनी स्वतः कांदे सोलले.

खरी अडचण दुपारी कळली. कालच्या शिजलेल्या तीन तंगड्या साहेबांना उद्या पुन्हा कुकरात हव्यात, दिवसभर, वासासाठी. मी म्हटलं, त्या माझ्या भावासाठी आहेत, सहा वर्षांनी येतोय. मग छताचंही सांगितलं. ताटाचंही सांगितलं. का कोण जाणे, सगळंच. साहेब टेबलावर टकटक करत ऐकत होते. मग म्हणाले, त्यांना इथेच बोलवा की. टेबल आहे, खुर्च्या आहेत, ताटं आहेत. रविवारी सणाची गर्दी असते, लोक बघतील की आपल्या टेबलावर माणसं खरंच जेवतात. वर मला पगारी सुट्टी — म्हणजे हजर राहून सुट्टी.

घरी सांगितलं तेव्हा नवरा एवढा हसला की त्याच्या नाकातून चहा आला. मग गंभीर होऊन विचारलं, इस्त्रीचा शर्ट घालावा लागेल का?

दादाला फोन केला. म्हटलं, या वेळी जागा वेगळी आहे, पत्ता पाठवते. तो म्हणाला, “घर बदललंस? बरं केलंस.” पुढचं सांगायच्या आत फोन बंद. पुन्हा लावला तर उचलेना.

रविवार, ९

हात अजून लसणाचे आहेत, पण आजचं लिहायलाच हवं.

साहेबांनी दोरी बांधली होती. सकाळपासून दोरीपलीकडे माणसं. नवरा इस्त्रीच्या शर्टात सोफ्यावर ताठ बसलेला. एका काकांनी त्याला किंमत विचारली.

दादा एकटाच आला. केस पांढरे झालेत. कोट घातलेला, हातात कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ, ‘नव्या घराला’. मी विचारलं, वहिनी? तो म्हणाला, तिला बरं नाही, आणि दुसरीकडे बघू लागला. मला वाटलं, म्हणजे तिचा राग अजून गेला नाही. मी तिचं ताट उचललं.

तो चौकटीत उभा राहून सगळं बघत होता. दोरी, गर्दी, माझ्या मागची ‘सवलत’ अशी पाटी. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, छान आहे घर, उजेड भरपूर आहे. आणि किमतीचं लेबल लोंबणाऱ्या पायपुसण्याला त्याने नीट बूट पुसले.

तेव्हा मला कळलं. हा माणूस आज कशालाच नाव ठेवायचं नाही असं ठरवून आलाय!

आणि नाही ठेवलं. खिडकीतल्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, मागे डोंगर असला की हवा चांगली राहते. पुठ्ठ्याच्या टीव्हीकडे बघून म्हणाला, बंद ठेवतेस ते बरं, लोक उगीच दिवसभर चालू ठेवतात. हात धुवायला गेला. नळ फिरवला, काहीच आलं नाही. तरी त्याने नळाखाली हात चोळले, टॉवेलला पुसले आणि म्हणाला, पाण्याचा प्रश्न काय, हल्ली सगळीकडेच आहे. नवरा तोंडावर रुमाल धरून झोपायच्या खोलीत गेला.

जेवायला बसलो. मी झाकण काढलं. दोरीपलीकडून “आहाहा” असा सामुदायिक आवाज आला. तंगडी वाढायला चिमट्याने उचलली तर हाड वर आलं आणि मांस आपलं आपण ताटात उतरलं. दादाने घास घेतला. मी त्याच्या जबड्याकडे बघत होते, नवरा तर धंद्याचाच भाग म्हणून बघत होता, आणि पलीकडे तीसेक माणसं. मध्येच माइकवरून सांगितलं की पांढऱ्या गाडीने वाट अडवली आहे, ती काढावी. कुणी हललं नाही.

एक बाई दोरीखालून वाकून आत आल्या आणि त्यांनी दादाला विचारलं, ही खुर्ची पाठीला बरी आहे का? दादा घास गिळून, अगदी मनापासून म्हणाला की इथे आपण दिवसचे दिवस बसू शकू. बाईंनी सहा खुर्च्या घेतल्या. साहेबांनी लांबूनच दादाला हात जोडले.

मग दादा माझ्याकडे न बघता, ताटातला कांदा सरकवत म्हणाला, “त्या दिवशीचं कोरडं नव्हतं ग.”

“होतं.”

“थोडंसं.”

“कापूस होता, दादा.”

तो हसायला लागला. खांदे हलेपर्यंत हसला, मग चेहऱ्यावर नॅपकिन धरला आणि खांदे हलायचे थांबेचनात. मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची हाडं लागली हाताला. दोरीपलीकडे कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. एकजण म्हणाला, किती खरं वाटतं, नाही?

दादा नॅपकिन खाली ठेवून म्हणाला, अजून एक वाढ. तीन खाल्ल्या त्याने. लहान असताना खायचा तसा, हाड चोखून.

निघताना पार्किंगपर्यंत सोबत आला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो माझ्या चष्म्याच्या काडीवर टेकला. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी गाडी जरा गरम करतो.

बरं वाटतंय. स्वयंपाकघरात आकाशच दिसायचं बाकी आहे, तरी बरं वाटतंय.

सोमवार, १०

सकाळी शटर उघडलं, तर दादा चार नंबरच्या पलंगावर झोपलेला. अंगात पायजमा, उशाशी बॅग.

दारावरचे काका घाबरले होते. रात्री परत आले म्हणे, आणि बहिणीचं घर आहे म्हणाले. “मला वाटलं, तेही सजावटीतलेच.”

मी हाक मारली. त्याने डोळे किलकिले केले. म्हणाला, “तुझी वहिनी मला सोडून गेली, बारके. चार महिने झाले. घरी कुणीच नाही ग.” आणि कूस बदलली.

दुकान उघडायला दहा मिनिटं होती. मी खिडकीमागचा दिवा मालवला आणि पलंगाला ‘विकला गेला आहे’ची पाटी अडकवली.