पेटुनियांखालचे ट्रे

प्रिय ढब्बू,

तुझा रागाचा ईमेल मिळाला. ‘आईचे धुतलेले कपडे रोज सकाळी भिजवतेस आणि शाळेपासूनची मैत्रीण म्हणवतेस, लाज वाटते का,’ असं विचारलंयस. वाटते, पण कपड्यांची नाही. पाणी मी मुद्दामच सोडत होते. का, ते सांगते. शेवटपर्यंत वाच, मधेच फोन उचलू नकोस.

तू नोकरीसाठी लांब गेलीस तेव्हा काकूंच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवून ‘आईकडे जरा लक्ष ठेव’ म्हणालीस. म्हणायला सोपं. चाळीस वर्षं नर्स म्हणून लोकांची उठबस केलेली बाई माझ्यासारखीला दाद देणार थोडीच? पहिल्या आठवड्यात तीनदा बेल वाजवली. तिसऱ्यांदा दार बोटभर उघडून म्हणाल्या, ‘मी जिवंत आहे. तू तुझ्या कवळ्या घडव जा.’ दातांच्या लॅबमधली माझी नोकरी त्यांना अजून गंमतच वाटते.

त्याच सुमारास मी बाल्कनीच्या कठड्याला लांबट कुंड्या अडकवल्या आणि त्यांत जांभळ्या-पांढऱ्या पेटुनिया लावल्या. कुंड्यांखालचे ट्रे आणायचे राहून गेले. सकाळी सातला पाणी घातलं, ते भोकांतून थेट खालच्या मजल्यावर, काकूंच्या दोरीवर. काकू तरातरा बाहेर आल्या आणि मान वर करून माझा उद्धार केला. आईवडिलांनाही सोडलं नाही. मी वरून बघत होते. चेहरा तरतरीत, पाय स्थिर, आवाज खणखणीत. तीनदा बेल वाजवून जे कळलं नव्हतं ते आपसूक कळलं. मग ट्रे आणलेच नाहीत.

पाच महिने हे चाललं. रोज तांब्याभर पाणी जास्तीचं. बिचाऱ्या पेटुनियांची मुळं कुजली, पानं पिवळी पडली. दोनदा रोपं बदलली, मातीत वाळू कालवली, शेवटी कोपऱ्यातली एक कुंडी नुसत्या मातीची ठेवली, खास काकूंसाठी. बाकीच्या मग अशा बहरल्या की सुकलेली फुलं खुडता खुडता मला लॅबला उशीर व्हायचा.

आणि एका मंगळवारी पाणी घातलं तर खालून आवाजच आला नाही. आणखी एक तांब्या ओतला. वाकून पाहिलं, दोरीवर आदल्या दिवशीचेच कपडे. किल्ली घेऊन अनवाणी खाली पळाले. काकू न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या, पहाटेपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. तरी त्या जमिनीवरून हुकूम सोडत होत्या, ‘मला हलवू नकोस. पांघरूण घाल. ॲम्ब्युलन्सला फोन कर आणि पत्ता नीट सांग.’ दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आणखी काही तास तशाच पडून राहिल्या असत्या तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर काकू म्हणाल्या, ‘पाच महिने कुणी ट्रे विसरतं का? तू पाणी घातलंस की मी बाहेर यायचे. म्हटलं, पोरीची काळजी मिटू दे.’

याला आता तीन आठवडे झाले, ढब्बू. ‘मी चालायला लागेपर्यंत तिला कळवायचं नाही, सगळं टाकून धावत येईल,’ अशी शपथच घातली होती मला. गेले तीन रविवार तू आईशी बोललीस, त्या हॉस्पिटलच्या खाटेवर होत्या. तुला संशय येऊ नये म्हणून कपडे भिजल्याची तक्रारही त्यांनी तिथूनच रचली; मी शेजारी बसून ऐकत होते. आज वॉकर धरून वॉर्डच्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, घामाघूम होऊन टेकल्या आणि म्हणाल्या, ‘आता लिही तिला.’ परवा घरी सोडताहेत. दिवसभरासाठी एक बाई ठेवायला कबूल झाल्यात. तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल मला काय बोलायचं ते खुशाल बोल. फक्त आधी पोटभर रडून घे आणि मगच त्यांना फोन कर. रडका आवाज त्यांना खपत नाही.

तुझीच,
काडी