माझ्या गाळ्याची बोली

१७ फेब्रु., मंगळ.
आज कळलं, तेही गिऱ्हाइकाच्या तोंडून. शबाना ईदच्या ड्रेसचं माप द्यायला आली होती. टेप तिच्या खांद्यावर असतानाच विचारते, "भाभी, पाडव्यानंतर कुठं शिवणार तुमी? घरी का?"
मी म्हटलं, "घरी काहून? गाळा काय पळून चालला?"
ती हळूच म्हणाली, "चाचानं गाळा मोबाईलवाल्याला दिला म्हणतेत. तुमच्या मालकानंच सोडला न्हाई का?"
माप चुकलं. परत घेतलं.

आमच्या डोंगरकडा गावात सालगडी असो, बटाईचं शेत असो की फाट्यावरचा गाळा, सगळं पाडवा ते पाडवा. कागद नाही, नुसती बोली. अकरा वर्षांपूर्वी गाळ्याचे मालक गफ्फारचाचा, त्यांच्याशी बोली ह्यांनी केली, कारण बोली पुरुषांनी करायची असते म्हणे. तेव्हापासून शटर मी उचलते. आणि बोली मोडताना मला एका शब्दानं विचारलं नाही!

१८ फेब्रु., बुध.
सकाळी चहा देतानाच विषय काढला. हे हसले. हसले!
"तुला सरप्राइज द्यायचं होतं."

दिवाळीत ह्यांनी नांदेडच्या शोरूममधली नोकरी सोडली. मी हूं की चूं केलं नाही. तिथला मॅनेजर चार लोकांत काहीबाही बोलायचा, रविवारी फोन वाजला तरी ह्यांचा चेहरा उतरायचा. सोडली ते बरंच केलं. पण तेव्हापासून मोबाईलवर एक कोच ऐकतात. आयुष्य 'डिझाइन' करायचं. बंधनं काढून टाकायची. शेतातल्या आखाड्यावर, त्या पत्र्याच्या खोलीत, जाऊन राहायचं, घड्याळ नाही, गिऱ्हाईक नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही.
"आता तूपण मोकळी हो. किती दिवस लोकांचे ब्लाउज शिवशील?"

मरेपर्यंत शिवीन! कुणी सांगितलं ह्यांना, की मी बांधलेली आहे? दात ह्यांचा दुखत होता, उपटायला निघाले माझा.

२२ फेब्रु., रवि.
परभणीहून लेकीचा फोन. मला वाटलं होतं रेवाला सांगावं, तर ती आधीच बापाशी बोललेली. "आई, बाबा काय वाईट सांगून राहिलेत? दिवसभर मशीनवर बसून कंबर धरते तुझी. आराम कर ना."

म्हणजे लेकीलाही तेच वाटतं. काम थांबलं की बाई सुटली. अगं, घरी बसलेल्या बाईला आराम असतो हे तुला कोणत्या कॉलेजात शिकवलं? गाळ्यात बसले की मला कुणी "जरा पाणी दे" म्हणत नाही. कुणाची सून नाही, कुणाची वहिनी नाही. कापड माझं ऐकतं. बाया येतात, स्टुलावर बसतात, घरात बोलता येत नाही ते बोलतात. शटर खाली ओढून किल्ली कमरेला खोचते तेव्हा जे वाटतं ना, ते ह्यांना त्या कोचकडून अजून मिळालेलं नाही.
हे सगळं फोनवर सुचलं नाही. "बघू" म्हटलं आणि ठेवला. आता लिहून राहिले.

१ मार्च, रवि.
आखाड्यावर ह्यांच्या 'मुक्त' मित्रांची बैठक. सगळे नोकऱ्यांना कंटाळलेले किंवा कंटाळायच्या बेतात. विषय, साधं आयुष्य. साध्या आयुष्याला पिठलं, भाकरी, ठेचा, भरली वांगी आणि मागून ताक. चुलीपुढे कोण? मी आणि शेजारच्या आखाड्यावरची नंदा.
एक जण ताटावर बसून म्हणे, "वहिनी, इथं कसं, कशाची घाई न्हाई." बरोबर आहे दादा. घाई आमच्या दोघींना होती.
एकानंही ताट उचललं नाही. त्या कोचच्या व्हिडिओत मागे स्वच्छ ओटा दिसतो. तो कोण पुसतं, हे कुणी विचारत कसं नाही?

६ मार्च, शुक्र.
आज तर कहर. हळद शिजवायचा कुकर गावात शेतोशेती फिरतो, नंबर लावावा लागतो. आमचा नंबर आज सकाळी सहाचा. काढलेली हळद शेतात ढीग लावून पडलेली. हे म्हणाले, "घड्याळाची गुलामी नको, येईल तेव्हा येईल." आणि विहिरीवर जाऊन प्राणायाम करत बसले. कुकरवाला आला, हाका मारल्या, लाकडं रचलेली नाहीत, पाणी भरलेलं नाही, माणूस दिसत नाही. गेला पुढच्या शेतात.
मला फोन. "तू जरा दुकान बंद करून ये. तुझं ऐकतो तो. आणि चार दिवस इथंच थांब. नाहीतरी आता तू मोकळीच आहेस."

गेले. कुकरवाल्याच्या हातापाया पडून सोमवारचा नंबर घेतला. ज्या बायांना आज ब्लाउज द्यायचे होते त्यांना फोन करकरून माफी मागितली. ह्यांच्या स्वातंत्र्यासाठी किती जणींनी वेळ पाळायचा! चिडून पायी घरी आले, ह्यांच्या गाडीवर बसले नाही.

१० मार्च, मंगळ.
गफ्फारचाचांकडे गेले. गोदामापुढे खुर्ची टाकून बसले होते, रोजा, ओठ कोरडे. म्हटलं, चाचा, गाळा मी सोडला नाही.
"बेटी, बोली तुझ्या मालकाच्या जबानीनं झाली. तोडली बी त्यानंच. मी त्या मोबाईलवाल्याला हो म्हटलं. एका गाळ्याला दोन जबान देऊ का? रमजानचा महिना हाय."
"अकरा वर्षं गाळ्यात कोण बसलंय, चाचा?"
चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "मला काय दिसत न्हाई व्हय? पण ज्यानं तोडली त्यानं पाडव्याला चार लोकांत येऊन म्हणावं, गाळा माझा नव्हता, मी नाहक बोललो. मग त्या मोबाईलवाल्याला मी बराबर समजावतो."
"आणि पुढची बोली माझ्याशी."
"पहिले ते तर होऊ दे."

म्हणजे माझा गाळा वाचवायलाही ह्यांचीच जीभ पाहिजे! चाचांचा राग आला. पण त्यांनी दार पूर्ण लावलं नाही हेही खरं.

११ मार्च, बुध.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "चार लोकांत? माझी काय इज्जत राहील?"
मी म्हटलं, "लोकांना काय वाटेल याची पर्वा सोडायची, हे तुमचा कोच पहिल्याच धड्यात सांगतो ना?"
मोबाईल घेऊन आखाड्यावर गेले.

१५ मार्च, रवि.
ईद आणि पाडवा एकाच आठवड्यात आलेत. गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. अस्तरं, लेस, पिकोला आलेल्या साड्या. हे चार दिवसांपासून आखाड्यावरच. नंदा सांगत होती, स्वतः भाकरी थापून राहिले, कडेला जळतेत, मधी कच्च्या. ऐकून बरं वाटलं. मग थोडं वाईटही वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.
दुपारी डबा पाठवला नाही. हात दोनदा डब्याकडे गेला होता.

१८ मार्च, बुध.
हे घरी आले. दाढी वाढलेली. जेवले. स्वतःचं ताट स्वतः घासलं, मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. म्हणाले, "मला खरंच वाटलं होतं, तुला पण सुटायचं असेल."
"विचारायचं होतं."
"हां."
इतकंच. उद्या येणार का, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. किती वेळा मीच तोंड उघडायचं?

१९ मार्च, गुरु. पाडवा.
घरची गुढी उभारून गाळ्यात आले, शटर वर केलं. मशीनवर वही ठेवून लिहितेय, कारण हाताला दुसरं काही सुचत नाही.
समोर चहाच्या हॉटेलात हे बसलेत. इस्त्रीचा शर्ट. दुसरा चहा चाललाय. पलीकडे चाचा गोदामापुढे, आजूबाजूला फाट्यावरची चार-पाच माणसं. हे एकदा उठले, दोन पावलं गेले, आणि परत येऊन बसले. मला इतका राग आला की पेनाचं टोक पानात घुसलं.
मोबाईलवाला आलाय. बोर्डासाठी माझ्या दाराची रुंदी मोजून राहिला, मला न विचारता.
चाचांनी लांबूनच हाक मारली, "काय साहेब, पाडवा हाय. काही बोलायचं का?" हे पुन्हा उठले. या खेपेला हॉटेलच्या पायऱ्या उतरून चाचांकडे निघालेत. मधे ट्रक आला, दिसेना झालं.
मी मोबाईलवाल्याला म्हटलं, "दादा, बाजूला व्हा. उजेड अडतोय. शबानाचा ड्रेस आज द्यायचाय मला."