तळपाय जळणारी जमात

४ जाने. ९९
मॅडमकडे परत कामाला लागलो. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आता डोळ्यांनी दिसत नाही. जुनं पुस्तक वाचनालयाबाहेर नेऊ देत नाहीत. मी तिथं बसून डिक्शनरी घेऊन वाचायचं, मग येऊन मराठीत सांगायचं. आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडातले मठातले साधू हिंदुस्थानाबद्दल काय लिहायचे, यावर मॅडम पुस्तक करतायत. कुत्र्याच्या तोंडाची माणसं. मिरीच्या झाडांवर सापांचा पहारा, लोक खाली जाळ करून त्यांना पळवतात, म्हणून मिरी काळी! आईला सांगितलं. झेंडू ओवता ओवता म्हणाली, "एकदा येऊन बघायचं की मेल्यांनी."

१२ जाने.
वाचनालयात गेलोच नाही. मित्र संत्या सायखेड्याहून जीप घेऊन आला, दिंडोरीला द्राक्षतोड बघायला. संध्याकाळी मॅडमना काय सांगायचं? ठोकून दिलं. हिंदात एक जमात आहे, एका गावी महिना झाला की त्यांचे तळपाय जळायला लागतात.
मॅडम सरसावून बसल्या. "परत सांग."

२१ जाने.
मॅडमनी शेवटचं प्रकरण भाचीला सांगून लिहून घेतलं. सगळं त्या तळपायांवर. कोठडीत अडकलेल्या साधूनं स्वतःची तगमग परक्यांच्या पायांत घातली, वगैरे. ऐकताना अंगावर काटा आला.
"सहा वर्षं शेवट सापडत नव्हता रे. तू आणून दिलास."
चहा तसाच ठेवून निघालो.

२४ जाने.
संत्याला सांगितलं. "मग त्या साधूंनी तरी काय केलं? घरी बसून फेकलंच ना. तू बी त्यांच्यातलाच हाय." लय हसला. मला नाही आलं हसू.
गुरुवारी सिन्नरला कंपनीत भरती. नऊला जीप निघणार. जावं का... मग मॅडमना सांगायचं राहूनच जाईल. बरंच होईल.

२७ जाने.
गेलो मॅडमकडे. दारातच, "तळटीप राहिलीय. पान कितवं?"
"मॅडम, ते पुस्तकात नाही. मीच बनवलं."
चेहरा उतरला. हातानं समोरचे कागद चाचपले.
"तुझे जळतात?"
"हो."
"किती दिवसांत?"
"महिना कुठला. आठ-दहा."
कागद एकत्र केले, कडा जुळवल्या. फाडतील वाटलं. फाडले नाहीत.
"उद्या नऊला ये."
रागावल्या का, तेही कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.
संत्याची जीपही उद्या नऊलाच. त्याला अजून काही कळवलेलं नाही.