म्हाताऱ्याचा मार

चि. समिधास अबुधाबीच्या मुसफ्फाहून आशीर्वाद.

तू कळवलेली गोष्ट जेवताना सगळ्यांना सांगितली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्यावर एकाने दोन पिस्तुलं रोखली, दोन्ही उडाली नाहीत आणि म्हाताऱ्याने त्यालाच काठीने झोडपलं. सगळे खूप हसले.

दुसऱ्या दिवशी कामावरून काढलेल्या वेल्डरने आमचे म्हातारे फोरमन रामेश्वरकाका यांच्यावर सळई उगारली. काकांनी ती हिसकावून त्यालाच मारायला घेतलं. तो रक्ताने भरून पडला, तरी थांबेनात.

“खलास, बास करा काका! मरेल तो!” म्हणत मी मध्ये पडलो. एक फटका मला बसला, तेव्हा ते भानावर आले.

वेल्डर वाचला. काकांना पोलिसांनी नेलं.

आईचे गुडघे कसे आहेत? दादाला जरा खरचटलंय, एवढंच तिला सांग. त्या फटक्याने माझा हात मोडलाय, म्हणून हे पत्र रूममेटकडून लिहून घेतलंय.

तुझा,
दगडूदादा